डेक कशाला धरून उभा असतो

बाबा पहिल्यांदा आमच्याकडे व्हर्जिनियात आले ते २०११च्या मे महिन्यात. आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते मागच्या डेकवर गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. मी बघायला गेले तर डेकवर कोणी नाही. कप कठड्यावर ठेवलेला. खाली वाकून पाहिलं तर बाबा डेकच्या पोटाखाली, मान वर करून, एका हाताने लाकूड चाचपत उभे.

"अगं, हे घराला कशानं धरून उभं आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. डेक घराला चिकटलेला होता, आम्ही घर घेतलं तेव्हापासून होता, एवढंच मला ठाऊक. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यात ३५ वर्षं काढून निवृत्त झालेले. पाहुणे म्हणून कुठे गेले तरी आधी तुळया बघतात आणि मग माणसं, असं आई म्हणायची. मी आपली हसले आणि त्यांना पोह्यांसाठी वर बोलावलं. पोहे खाताना ते शांतपणे म्हणाले, "मला तिथे नुसते खिळे दिसले."

ज्यांनी अमेरिकन डेक पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. घराच्या मागच्या दाराला लागून लाकडी फळ्यांचा एक उघडा मंच असतो, साधारण पहिल्या मजल्याच्या पातळीला. आमच्या घराचं तळघर मागच्या बाजूने उघडतं, म्हणून आमचा डेक जमिनीपासून नऊ फूट उंच. आपल्या लोकांच्या आयुष्यात या मंचाला फार मोलाचं स्थान आहे. बटाटेवडे डेकवर तळायचे, म्हणजे तेलाचा वास गालिच्यात मुरत नाही. पापड, कुरडया, मिरच्या तिथेच वाळतात. आणि घरी गणपती असला की आरतीला आत न मावलेली माणसं डेकवर उभी राहतात. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात आमच्या डेकवर ३५-४० माणसं होती. वर मंडळाच्या पोरांनी तिथे लेझीम केली होती. या लेझमीकडे मी पुन्हा येणार आहे.

डेकची बाहेरची बाजू खांबांवर असते. आतली बाजू, म्हणजे घराकडची, एका आडव्या फळीवर टेकते. तिला इथे लेजर म्हणतात. मला लेजर म्हणजे खतावणी एवढंच माहीत होतं. बाबांना मात्र तो शब्द परांचीतला म्हणून ठाऊक होता. परांचीच्या उभ्या वाशांना बांधलेल्या आडव्या वाशाला त्यांच्या खात्यात लेजरच म्हणत. डेकचे सगळे वासे या फळीला येऊन मिळतात, आणि फळी घराच्या भिंतीला जोडलेली असते. कशी जोडलेली, हाच बाबांचा प्रश्न.

त्यांनी पाकिटाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. डेक १२ फूट बाय १६ फूट, म्हणजे १९२ चौरस फूट. इथली बांधकाम संहिता माणसांचा भार दर चौरस फुटाला ४० पौंड आणि लाकडाचं स्वतःचं वजन १० पौंड धरते. एकूण ९,६०० पौंड, म्हणजे ४,३५० किलोच्या आसपास. त्यातला निम्मा खांबांवर, निम्मा लेजरवर. "म्हणजे सव्वादोन टनांच्या जवळपास," बाबा म्हणाले, "आणि ते दर १६ इंचांवर मारलेल्या तीन-तीन खिळ्यांवर."

त्या उन्हाळ्यात मी वाचायला लागले. आधी भीतीपोटी, नंतर नादापायी.

डेक ही फार जुनी चीज नाही. जुन्या अमेरिकन घरांना असायचा तो पोर्च: घराच्या पुढे, छप्पर असलेला, रस्त्याकडे तोंड केलेला, स्वतःच्या पायावर उभा. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं वाढली, गाड्या वाढल्या, घरात वातानुकूलन आणि टीव्ही आला, आणि माणसांनी रस्त्याकडे पाठ फिरवून मागच्या अंगणाकडे तोंड केलं. कॅलिफोर्नियात थॉमस चर्च नावाच्या उद्यानरचनाकाराने उतारावरच्या बागांमध्ये लाकडी मंच बांधायला सुरुवात केली होती. सोनोमा परगण्यातल्या १९४८ सालच्या डोनेल बागेत त्याने ओकच्या जिवंत झाडांभोवती रेडवुडचा डेक फिरवला. फोटो पाहिले तर आजही हेवा वाटतो. रेडवुडच्या गाभ्याला सहसा वाळवी लागत नाही, ते लवकर कुजत नाही. पण रेडवुड कॅलिफोर्नियाचं. बाकीच्या देशाकडे होतं ते दक्षिणेचं पिवळं पाइन, स्वस्त आणि भरपूर, पण उघड्यावर ठेवलं तर थोड्याच वर्षांत बुरशीच्या तोंडी जाणारं.

इथे गोष्ट अचानक डेहराडूनला जाते. तिथल्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम नावाचे शास्त्रज्ञ होते. आपल्याकडच्या उष्ण, दमट हवेत लाकडाचे खांब वाळवीपासून आणि कुजण्यापासून कसे वाचवायचे हा त्यांचा विषय. १९३३ साली त्यांनी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचं एक मिश्रण शोधलं. तांबं बुरशीला मारतं, आर्सेनिक किड्यांना, आणि क्रोमियम या दोघांना लाकडात घट्ट बसवतं, म्हणजे पावसाने ते धुऊन जात नाहीत. आर्सेनिक आणि तांब्याच्या रासायनिक खुणा जोडून त्याला नाव मिळालं 'अस्क्यू'. १९३८ साली कामेसम यांना अमेरिकेतलं पेटंट मिळालं. आधी ते तिथल्या तारांच्या खांबांसाठी वापरलं गेलं, आणि १९७०च्या दशकापासून दाबाखाली हेच मिश्रण मुरवलेलं हिरवट पाइन घरबांधणीच्या दुकानांत ढिगाने मिळू लागलं. शनिवारी सकाळी गाडीतून लाकूड आणायचं, शेजाऱ्याला मदतीला घ्यायचं, रविवारी संध्याकाळी त्यावर खुर्ची टाकून बसायचं. अमेरिकेच्या मागच्या अंगणांत आज जे लाखो डेक आहेत त्यांच्या मुळाशी डेहराडूनचा एक शोध आहे, हे मी कितीतरी पार्ट्यांमध्ये सांगून पाहिलं. लोक मान डोलावतात आणि बर्गर उलटतात.

पण लाकूड टिकाऊ झालं म्हणून जोड टिकाऊ झाला असं नाही. अमेरिकन घर मुळात खिळ्यांचं घर आहे. १८३०च्या दशकात शिकागोच्या आसपास हलक्या वाशांचे सांगाडे खिळ्यांनी ठोकून घरं उभारण्याची पद्धत रुजली. पुढे यंत्राने ओढलेल्या तारेचे खिळे आले आणि खिळा जवळपास फुकट झाला. खाचा पाडून, लाकडात लाकूड बसवणारे जुने सुतार मागे पडले. यात चूक काही नव्हती. असं घर शंभर वर्षं उभं राहतं, कारण त्यात भार खाली जातो, लाकूड लाकडावर टेकतं, आणि खिळ्याचं काम फक्त दोघांना जागेवरून हलू न देणं एवढंच असतं. डेकच्या लेजरपाशी मात्र फळीखाली टेकायला काही नाही. तिथे खिळाच भार पेलतो. ज्या हाताने माणसाने सारं घर ठोकलं त्याच हाताने त्याने डेकही ठोकला, आणि हा फरक त्याच्या ध्यानात आला नाही.

खिळा आडवा कापला जाण्याला बऱ्यापैकी विरोध करतो. पण त्याला बाहेर ओढलं तर तो लाकडाच्या नुसत्या पकडीवर असतो, आणि उघड्यावरचं लाकूड दर पावसाळ्यात फुगतं, दर उन्हाळ्यात आकसतं. प्रत्येक फेरीत पकड थोडी सैल होते. डेक म्हणूनच हळूहळू वाकत नाही, कुरकुरत नाही. बरीच वर्षं काही होत नाही आणि मग एका संध्याकाळी, भरल्या पार्टीत, लेजर भिंतीपासून सुटतो आणि घराकडची बाजू एकदम खाली जाते. माणसं भिंतीकडेच घसरतात, एकमेकांच्या अंगावर. कोसळलेल्या डेकच्या तपासण्यांमध्ये हाच प्रकार पुन्हा पुन्हा सापडतो.

दुसरा शत्रू पाणी. लेजरच्या वर पत्र्याची घडी घातलेली पट्टी हवी, जी भिंतीच्या आवरणाच्या आत जाते आणि पाणी बाहेर टाकते. ती नसेल तर पाणी फळीच्या मागे साचतं. आणि इथे कामेसम यांच्या शोधाची विचित्र बाजू दिसते. लेजरची फळी रसायन मुरवलेली, ती ठणठणीत राहते. तिच्या मागे घराचा जो कडेचा वासा असतो, ज्यात खिळे रुतलेले असतात, तो साधाच, कारण तो घराच्या आत आहे असं समजून बसवलेला असतो. कुजतो तो. बाहेरून डेक नव्यासारखा दिसतो.

२००३ हे साल या इतिहासात दोनदा येतं. २९ जूनच्या मध्यरात्रीनंतर शिकागोच्या लिंकन पार्क भागात एका तीन मजली इमारतीच्या मागचा लाकडी पोर्च पार्टी चालू असताना कोसळला. वरचा मजला मधल्यावर आणि मधला खालच्यावर. १३ तरुण मुलंमुली गेली, ५०हून अधिक जखमी झाली. पोर्चवर फार माणसं होती असं आधी म्हटलं गेलं. मग तो परवान्याशिवाय आणि नियमापेक्षा मोठा बांधल्याचं शहराने सांगितलं. फार माणसं होती हे कारण मला नेहमीच खटकतं. पार्टीत माणसं असणारच. दारावर पाटी लावून कुणी पाहुणे मोजत नाही.

त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला घरगुती वापरासाठी आर्सेनिकवालं लाकूड थांबलं. मुलं डेकवर रांगतात, खेळतात, तेच हात तोंडात घालतात, त्यामुळे ते गेलं ते बरंच झालं. पण त्याच्या जागी जी मिश्रणं आली त्यांत तांबं कितीतरी जास्त, आणि तांबं साध्या जस्ताच्या मुलाम्याला खातं, ॲल्युमिनियमच्या पट्टीलाही खातं. म्हणजे लाकूड निर्धोक झालं आणि जुन्या सवयीचे खिळे आणखी धोकादायक. जाड मुलाम्याचे किंवा स्टेनलेस स्टीलचे खिळे-बोल्ट वापरा, असं सांगावं लागलं. कित्येकांपर्यंत ते उशिरा पोचलं.

आणि नियम? हे वाचताना बाबा फार करमले. २००० सालच्या निवासी बांधकाम संहितेतच स्पष्ट लिहिलेलं होतं की डेक घराला पक्का जोडा आणि ओढले जाणाऱ्या खिळ्यांवर तो अवलंबून ठेवू नका. पण मग कशावर ठेवा, किती ठेवा, कितीच्या अंतरावर, याचा आकडा नव्हता. "म्हणजे 'योग्य ती दक्षता घ्यावी'," बाबा म्हणाले. "आमची निम्मी परिपत्रकं अशीच असायची." व्हर्जिनिया टेक आणि वॉशिंग्टन स्टेट या दोन विद्यापीठांतल्या लाकूड-अभियांत्रिकीच्या लोकांनी, फ्रँक वोस्टे, जो लोफर्स्की, डॉन बेंडर यांनी, प्रयोगशाळेत लेजर मोडून मोडून पाहिले. २००९च्या आवृत्तीत शेवटी कोष्टक आलं. डेकचा वासा १० ते १२ फूट लांब असेल तर अर्ध्या इंची जाड स्क्रू दर १५ इंचांवर, किंवा आरपार बोल्ट दर २९ इंचांवर. एका रेषेत नाहीत, वर-खाली असे, म्हणजे फळी चिरत नाही. विटांच्या नुसत्या दर्शनी थराला लेजर जोडायचाच नाही, कारण ती वीट घराला पेलत नाही, तिला घरच धरून असतं.

याच सुमारास संहितेत आणखी एक जोड आला: डेकचा वासा आणि घरातल्या जमिनीचा वासा यांना थेट बांधणारा लोखंडी गज, निदान दोन ठिकाणी, प्रत्येकी १,५०० पौंडांचा ओढा सोसेल असा. त्याचं चित्र मी बाबांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हा तर सज्जा झाला."

बाबांचं लहानपण कसबा पेठेतल्या वाड्यात गेलं. वाड्याचा सज्जा भिंतीला जोडलेला नसतो. आतल्या कडीपाटाच्या कड्याच भिंतीतून आरपार बाहेर येतात आणि त्यांच्यावर सज्जा बसतो. खोलीतल्या जमिनीचं आणि माणसांचं वजन कडीचं आतलं टोक दाबून धरतं. चौकाभोवतीचा सोपा त्याहून साधा: दगडी तळखडा, त्यावर खांब, खांबावर तुळई. भिंतीकडे मागायचं काही नाही. अमेरिकन संहितेने २००९ साली लोखंडी गज घालून जे साधलं ते वाड्याच्या सुताराने एका अखंड लाकडात केलं होतं, असं मी त्या दिवसांत जोरात म्हणत असे.

मग १६ जून २०१५ला बर्कली झालं. वाढदिवसाची पार्टी, पाचव्या मजल्यावरची बाल्कनी, तिच्यावर १३ जण. सहा जण गेले. पाच आयर्लंडहून उन्हाळ्याच्या कामासाठी आलेले विद्यार्थी आणि सहावी आयरिश-अमेरिकन मुलगी. त्या बाल्कनीचे वासे घरातून बाहेर आलेले होते, अगदी सज्जासारखे. लेजर नव्हताच. इमारत जेमतेम आठ वर्षांची, पण पाणी आत शिरलं होतं आणि भिंतीलगत वासे पार कुजले होते. तिथेच मोडले. वाड्याचा सज्जा टिकला तो निव्वळ अखंड लाकडामुळे नव्हे हे मला तेव्हा समजलं. ते लाकूड सागवान होतं, दोन्ही बाजूंनी उघडं होतं, वारा लागत होता, आणि गळायला लागलं तर घरच्यांना दिसत होतं. बर्कलीत वासे आवरणाच्या आत बंद होते. कॅलिफोर्नियाने पुढे २०१८ आणि २०१९ साली कायदे केले: भाड्याच्या इमारतींतल्या अशा बाल्कन्या दर सहा वर्षांनी आणि मालकी सदनिकांच्या दर नऊ वर्षांनी तपासायच्या.

आता लेझीम. संहिता लिहिणारे आडव्या भाराचा विचार करताना वारा आणि भूकंप धरायचे. बेंडर यांच्या विद्यापीठात प्रयोगासाठी बांधलेल्या डेकवर खरी माणसं चढवली आणि त्यांना एका तालात डावी-उजवीकडे झुलायला लावलं. नाचणाऱ्या माणसांचा आडवा धक्का पुष्कळदा वारा-भूकंपाच्या हिशेबापेक्षा जास्त भरला. हे वाचल्यावर मी लॅपटॉप मिटला. आमच्या डेकवर १४ पोरं, सातसातच्या दोन रांगा, ढोलाच्या ठेक्यावर एकदम पुढे, एकदम मागे. माझी मुलगी दुसऱ्या रांगेत. मी खाली अंगणात उभी राहून व्हिडिओ काढत होते. तो व्हिडिओ अजून फोनमध्ये आहे. त्यात ढोलाच्या मागे लाकडाचा एक बारीक आवाज येतो. आधी मी तो कधी ऐकलाच नव्हता.

त्या २०११च्या उन्हाळ्यात आम्ही डेक उघडला. कंत्राटदाराने भिंतीचं आवरण काढलं, लेजर पहारीने उचकटला. उचकटायला फार जोर लागला नाही. मागचा वासा काळा पडलेला; त्याने पेचकस टेकवला तर तो इंचभर आत गेला, मऊ केकमध्ये जावा तसा. वरच्या पट्टीच्या जागी कुणीतरी फक्त सीलंट भरलेलं. आधीच्या मालकाने हे स्वतः केलं की कुणाकडून करून घेतलं, कोण जाणे. मला त्याचा रागही धड आला नाही. त्याच्या मुलांनीही तिथेच उड्या मारल्या असतील.

घराचा कडेचा वासा बदलल्यावर दोन रस्ते होते. नवा लेजर, बोल्ट, पट्टी, गज असं सगळं कोष्टकाप्रमाणे करायचं, किंवा घराला हातच लावायचा नाही आणि भिंतीलगत खांबांची दुसरी रांग उभी करायची. दुसरा रस्ता नेहमी सोपा नसतो, कारण भिंतीजवळची माती भरावाची असते आणि नव्या खांबांचे पाये घराच्या पायाइतके खोल, न हललेल्या मातीत न्यावे लागतात. आमचं तळघर मागे उघडं, त्यामुळे घराचा पाया तिथे फार खोल नव्हता. खर्च थोडा वाढला. खांबांना तिरपे आधारही द्यावे लागले, कारण आता आडवं धरायला घर नव्हतं. कंत्राटदार साल्वादोरचा, त्याचं इंग्रजी आणि बाबांचं इंग्रजी एकमेकांना भेटत नव्हतं, पण तो खड्डा खणायचा आणि बाबा काठावर बसून हाताने खूण करायचे: अजून. तो हसून अजून खणायचा. काँक्रीट भरल्यावर बाबांनी प्रत्येक पायाच्या माथ्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "तळखडे बरे झालेत."

बाबा ऑगस्टमध्ये परत गेले. त्या वर्षीच्या गणपतीला मी डेकवर कुणाला फार जाऊ दिलं नाही, उगाचच; नवीन डेक होता आणि खांबांवर होता. पुढच्या वर्षी लेझीम झाली. तेव्हा पुण्यात सकाळ होती. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पोरांकडे धरला. थोडा वेळ त्यांनी पाहिलं.

"छान," ते म्हणाले. "आता जरा खाली जा आणि ते तिरपे आधार दाखव."

मी जिना उतरून डेकच्या पोटाखाली गेले आणि फोन वर धरला. वर पोरांचे पाय एकदम आदळत होते आणि फळ्यांच्या फटींतून धूळ माझ्या डोळ्यांत पडत होती.

"डावीकडचा दिसत नाहीये," बाबा म्हणाले. "जवळ ने."